चौदा तास वसूल करायचे होते

तर झालं असं की आमच्याकडे गेल्या सात वर्षांचे एअरलाइनचे पॉइंट्स साठले होते, कार्डावरचे वगैरे सगळे धरून, आणि हिशोब केल्यावर कळलं की त्यात बिझनेस क्लासचं एक जायचं आणि एक यायचं तिकीट बसतंय. माणसं दोन. नवऱ्याने लगेच वाटणी करून टाकली, जाताना तू बस, येताना मी बसतो, उरलेलं इकॉनॉमीचं पैसे देऊन काढू. मी दोनदा "अरे नको, दोन्ही वेळा तूच बस, तुझे गुडघे दुखतात" असं म्हणून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत गप्प बसले, कारण तो हो म्हणायच्या बेतात दिसला.

फ्लाइट चौदा तासांची, रात्री दोनची. लांबचे प्रवास मी भरपूर केलेत पण सगळे मागे बसून, ३१ इंचाच्या पिचमध्ये (पिच म्हणजे पुढच्या आणि मागच्या सीटमधलं अंतर), म्हणजे पुढच्याने सीट मागे टाकली की त्याच्या डोक्यावरचे पिकलेले केस मोजता येतात. त्यामुळे यावेळी ठरवलंच होतं की एकही गोष्ट सोडायची नाही. जे जे मिळतं ते सगळं घ्यायचं, सगळं खायचं, सगळी बटणं दाबायची, चौदाच्या चौदा तास वसूल करायचे. याचा शेवट काय झाला ते पुढे येईलच.

आधी तिकिटाबद्दल थोडं, कारण ते मिळवण्यातच माझे दोन महिने गेले. पॉइंट्स असले म्हणजे सीट मिळते हा गैरसमज आहे. विमानात बिझनेसच्या चाळीस सीट असल्या तरी पॉइंट्सवाल्यांसाठी त्यातल्या दोन-चारच सोडतात, कधी एकही नाही, आणि विमान रिकामं जाणार असं दिसायला लागलं की मग शेवटच्या आठवड्यात अजून थोड्या. एकाच केबिनमधल्या तिकिटांनाही वेगवेगळी अक्षरं असतात, जे, सी, डी, झेड अशी, आणि त्या अक्षरावर ठरतं की तिकीट बदलता येणार का, पैसे परत मिळणार का, पॉइंट्स किती जमा होणार. म्हणजे शेजारी-शेजारी एकसारख्या सीटवर बसलेल्या दोघांनी भरलेल्या पैशात दुपटीचा फरक असू शकतो. आणि पॉइंट्सचं तिकीट फुकट नसतं बरं का, टॅक्स आणि सरचार्ज रोख भरावेच लागतात, तो आकडा बघून मी पाच मिनिटं लॅपटॉप बंद करून बसले होते.

हा बिझनेस क्लास प्रकार मुळात आला कुठून तेही मी वाचून काढलं, वसूल करायचं तर मुळापासून. आधी फक्त फर्स्ट आणि इकॉनॉमी असायचं. मग १९७० मध्ये जम्बो, म्हणजे बोइंग ७४७ आलं, एवढ्या सीट भरायच्या कशा म्हणून स्वस्त तिकिटं निघाली, आणि कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडं भरून तिकीट काढणारा माणूस सुट्टीवर निघालेल्या निम्म्या भाड्यातल्या माणसाच्या शेजारी, तसल्याच सीटवर. तो कुरकुरणारच. त्याच्या समाधानासाठी एअरलाइन्सनी वेगळा भाग काढला, पॅन अॅमने १९७८ मध्ये क्लिपर क्लास आणला, क्वांटसने १९७९ मध्ये बिझनेस क्लास. सुरुवातीला जरा रुंद सीट आणि जरा बरं जेवण एवढंच होतं. सपाट पलंग फार नंतर आला, ब्रिटिश एअरवेजने २००० च्या सुमाराला बिझनेसमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट दिली, आणि त्यानंतर सगळ्यांनाच द्यावी लागली. म्हणजे पहिली वीस-एकवीस वर्षं लोक बिझनेस क्लासमध्ये बसूनच झोपत होते. हे मला फार दिलासा देणारं वाटलं, का कोण जाणे.

एअरपोर्टवर मला लाउंज, नवऱ्याला नाही. पाहुणा नेता येत नव्हता माझ्या तिकिटावर. मी म्हणलं मग मीही नाही जात, तो म्हणाला "जा गं, पैसे वसूल कर", आणि गेटजवळच्या खुर्चीत पुस्तक काढून बसला. लाउंजमध्ये मी ताट दोनदा भरलं. शॉवर घेतला, घरून अंघोळ करून निघालेले असताना. त्याला फोटो पाठवला तर अंगठा आला नुसता. तिथे माझ्या समोरच्या टेबलावर एक साठीच्या पुढच्या बाई बसल्या होत्या, पांढरे कापलेले केस, छोटी बॅग, आणि त्या फक्त सूप पीत होत्या. एक वाटी सूप, एक ब्रेडचा तुकडा, पाणी. एवढं सगळं मांडलेलं असताना. मला वाटलं तब्येत बरी नसेल.

बोर्डिंगला विमानाच्या दारात तो प्रसिद्ध क्षण येतो, डावीकडे वळायचं की उजवीकडे. आयुष्यभर उजवीकडे वळलेले पाय आपोआप उजवीकडेच निघाले, क्रूमधल्या मुलीने हात करून "मॅडम, इकडे" केलं. नवरा म्हणाला चला, भेटू चौदा तासांनी, आणि बॅग सरकवत गर्दीत नाहीसा झाला. मला क्षणभर खरंच वाईट वाटलं. क्षणभरच.

आता सीट. माझी खिडकीची होती, खिडकीकडे तिरकी तोंड केलेली, याला रिव्हर्स हेरिंगबोन म्हणतात, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी पण तोंड बाहेरच्या बाजूला. नुसत्या हेरिंगबोनमध्ये, व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये आणलेला तो, तोंड आतल्या पॅसेजकडे आणि खिडकी पाठीमागे, म्हणजे खिडकीचे पैसे भरून ढग बघायला मान मोडायची. एका ओळीत चार सीट, एक-दोन-एक, त्यामुळे कुणालाही कुणाच्या अंगावरून उडी न मारता उठता येतं. हे सगळं मला पाठ होतं कारण मी आधीचे पंधरा दिवस सीटचे व्हिडिओ बघण्यात घालवले होते. एक सल्ला खरंच कामाचा सांगते, एअरलाइनचं नाव बघून बुक करू नका, विमान बघा. एकाच कंपनीच्या दोन विमानांत एकीकडे दरवाजाची खोली असते आणि दुसरीकडे वीस वर्षं जुनी, पूर्ण सपाट न होणारी घसरगुंडी, तिकिटाचा भाव तोच. आणि ऐनवेळी विमान बदललं तर नशीब. थेट खालच्या क्लासमध्ये टाकलं तर युरोपियन युनियनच्या नियमात साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या फ्लाइटला तिकिटाचे ७५ टक्के परत मिळतात, पण त्याच क्लासमध्ये फक्त खराब सीट आली तर काहीच नाही, तीही बिझनेसच म्हणतात.

दरवाजा माझ्याही सीटला होता. कमरेच्या वर येणारा, सरकता. मी बसल्या बसल्या ओढून बघितला तर हलेना, जोर लावला तरी हलेना, म्हणलं पहिल्याच मिनिटाला तोडला. मग कळलं की टेकऑफ आणि लँडिंगला तो उघडाच ठेवावा लागतो, पळायची वेळ आली तर अडकायला नको, म्हणून क्रू तो लॉक करून ठेवतात आणि वर गेल्यावर सोडतात. बेल्टही जाडजूड होता, उशी शिवल्यासारखा, त्यात एअरबॅग असते. तिरप्या सीटवर धक्का बसला तर डोकं कुठे आदळेल याचा भरवसा नाही, आणि विमानाच्या सीटला १६ जी चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट, धक्का सोसायची परीक्षा पास व्हावीच लागते, मग बेल्टमध्येच एअरबॅग घालतात. इकॉनॉमीत पुढच्या सीटची पाठ एवढ्या जवळ असते की एअरबॅगची सहसा गरज पडत नाही. असो.

तेवढ्यात ग्लासमध्ये काहीतरी फेसाळतं आलं, पाठोपाठ गरम टॉवेल आला. गरम टॉवेलचं नेमकं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. हात पुसले, मग मान पुसली, मग तो कुठे ठेवायचा म्हणून तसाच धरून बसले, थंड होईपर्यंत. आणि पॅसेजच्या पलीकडे बघते तर लाउंजमधल्या सूपवाल्या बाई. त्या आल्या, बूट काढून कप्प्यात ठेवले, टॉयलेटमध्ये जाऊन सैल कपडे घालून आल्या, क्रूला काहीतरी दोन वाक्यं बोलल्या, इअरप्लग घातले, आणि विमान वर जाऊन बेल्टचा दिवा विझला त्याच मिनिटाला सीट आडवी करून, डोळ्यांवर पट्टी ओढून झोपल्या. मेनू उघडलासुद्धा नाही. मला त्यांची दया आली, खरं सांगते. म्हणलं एवढे पैसे भरून काय हा करंटेपणा.

मी मेनू दोनदा वाचला आणि सगळ्याला हो म्हणाले. टेबलावर पांढरा कपडा अंथरला, खरी काचेची भांडी, लोखंडी काटे-चमचे, इवलीशी मिठाची बाटली. एकेक गोष्ट वेगळी येते. आधी बदाम-काजू गरम केलेले, मग स्टार्टर, मग सूप, मग सॅलड, मग मेन, मग चीज, मग गोड, मग चॉकलेट. ऐकायला छान वाटतं पण प्रत्येक गोष्टीच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात आणि टेबल पुढे असताना उठता येत नाही. जेवण संपलं तेव्हा माझ्या घड्याळात पहाटेचे पाच वाजायला आले होते. पहाटे पाचला चीज खाणारी बाई मी.

आणि चव. चवीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं जरा फिकं. स्वयंपाक्याचा दोष नाही तो. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी विमानाच्या खऱ्या तुकड्यात, आतला हवेचा दाब कमी करून, माणसं बसवून हे तपासलंय, वर गेल्यावर मीठ आणि साखर जिभेला कमी कळतात, आणि टोमॅटोचा रस मात्र जमिनीपेक्षा चांगला लागतो, म्हणून विमानात तो एवढा खपतो. जेवण कितीही नावाजलेल्या शेफने ठरवलेलं असो, ते खाली शिजतं, थंड करून वर येतं, आणि ओव्हनमध्ये गरम होतं. पुढे आणि मागे फरक ताटाचा आहे, जिभा दोन्हीकडे तेवढ्याच बधिर. मी टोमॅटो ज्यूस मागवला. भारी लागला. दुसरा मागवला.

मग किट उघडलं. छोट्या पाऊचमध्ये लिप बाम, क्रीम, मोजे, टूथब्रश, कंगवा. लिप बाम मी त्या रात्री जवळजवळ संपवला, कारण ओठ नुसते तडकत होते. याचीही गंमत आहे. विमानातली हवा कोरडी असते हे सगळ्यांना माहितीये, बाहेरची हवा त्या उंचीवर जवळजवळ बिनपाण्याची, आत जो काही ओलावा असतो तो मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून येतो. पुढे माणसं कमी म्हणून पुढची हवा मागच्यापेक्षा कोरडी. म्हणजे जास्त पैसे भरून आपण जास्त वाळतो. हे मी नवऱ्याला मुद्दाम सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं, त्याला बरं वाटेल. दाबाचं मात्र पुढे-मागे सगळ्यांना सारखंच, नव्या बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये आतली हवा सहा हजार फुटांवर असल्यासारखी ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांपर्यंत जाते, आणि उतरल्यावर डोकं किती जड वाटणार ते यावर बरंच ठरतं. म्हणजे नव्या विमानाची इकॉनॉमी एका बाबतीत तरी जुन्या विमानाच्या बिझनेसपेक्षा बरी.

पाच तास झाले. आता झोपावं असं शरीर म्हणत होतं, पण स्क्रीन एवढी मोठी, हेडफोन एवढे चांगले, म्हणलं एक सिनेमा. अर्ध्यातच डोळे मिटायला लागले तरी बघितला. कोण कोणाचा खून करतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग सीटची बटणं, पाठीला मसाज होता, मसाज म्हणजे सीटच्या आतून कोणीतरी हळूच ढोसतंय असं काहीतरी, तोही दहा मिनिटं घेतला. आणि याच बटणांच्या खेळात माझा फोन घसरला.

घसरला तो थेट सीटच्या आणि बाजूच्या कप्प्याच्या फटीत. मी आधी हात घातला, बोटं पोचेनात. मग साहजिक विचार आला की सीट जरा पुढे घेतली की निघेल, बटणावर बोट ठेवलंसुद्धा, आणि तेवढ्यात पाणी घेऊन येणाऱ्या मुलीने बघितलं आणि माझा हातच धरला. इतका वेळ एवढी हळू बोलणारी ती, एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, सीट हलवू नका. फोन सीटच्या यंत्रात चिरडला तर आतली लिथियम बॅटरी पेटू शकते, आणि विमानात आग म्हणजे विमानातली आग. सुरक्षेच्या सूचनांमध्ये हे वाक्य असतं, मी शंभरदा ऐकलंय, कधी कान देऊन ऐकलं नाही. मला उठवलं, उभं केलं, दोघीजणी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसल्या, गादी काढली, एक झाकण काढलं. वीस-पंचवीस मिनिटं मी मोज्यांवर पॅसेजमध्ये उभी, पलीकडे सूपवाल्या बाई तशाच शांत झोपलेल्या, त्यांच्यावर टॉर्चचा उजेड पडू नये म्हणून मीच मध्ये आडवी उभी राहिले. फोन निघाला, सोबत कुणाचातरी एक जुना पेन आणि एक कानातलं निघालं. कानातलं माझं नाही म्हणलं तर त्या दोघी हसल्या. मी सात वेळा सॉरी म्हणाले.

आता झोप उडालीच होती, म्हणलं नवऱ्याला बघून येऊ. ट्रेवरची दोन चॉकलेटं खिशात घातली, पडदा सारून मागे गेले. पुढचे मागे जाऊ शकतात, मागचे पुढे येऊ शकत नाहीत, पडदा एकाच बाजूने उघडतो म्हणा ना. मनात चित्र असं की बिचारा ताठ बसला असेल, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, डोळे तारवटलेले, मी चॉकलेट देईन, तो कृतज्ञतेने बघेल.

तो सापडेचना. त्याच्या सीटवर डोकंच दिसेना. जवळ गेले तर साहेब तीन सीटांवर आडवे. मधल्या ओळीतल्या शेजारच्या दोन्ही सीट रिकाम्या, मधले हात वर केलेले, तीन उशा डोक्याखाली, तीन ब्लँकेटं अंगावर, पाय दुमडून, तोंड उघडं ठेवून गाढ झोप. विमान त्या दिवशी निम्मं रिकामं होतं, फक्त बिझनेस फुल्ल. मी तिथे उभी राहून त्याच्याकडे बघत होते, आठ तास झाले होते टेकऑफला, आणि मी एक मिनिट झोपले नव्हते. एक चॉकलेट त्याच्या पुस्तकात ठेवलं, एक तिथेच खाल्लं आणि परत आले.

परत आल्यावर क्रूने विचारलं, बेड करून देऊ का. हो म्हणलं. सीट खाली गेली, वर पातळ गादी, रजई, मोठी उशी, आणि काय सांगू, त्या क्षणी मला कळलं की इतका वेळ मी मुख्य वस्तू सोडून वेष्टनाशी खेळत बसले होते. साडेसहा फूट सपाट. कुशीवर वळता येतं, ३८ हजार फुटांवर कुशीवर वळणं ही काय चीज आहे हे मागे बसलेल्यालाच कळेल. पाय मात्र एका बोगद्यासारख्या खोबणीत जातात, पुढच्याच्या टेबलाखाली, आणि ती खोबण निमुळती असते, त्यामुळे गुडघा वर घेऊन झोपायची सवय असेल तर गुडघा आपटतो. सगळ्यात पुढच्या ओळीत ही खोबण बऱ्याचदा रुंद मिळते, समोर दुसरी सीट नसल्यामुळे, तेवढं बुक करताना बघा. दरवाजा ओढला. दिवे निळे-काळे. इंजिन मागे राहिल्यामुळे आवाजही तसा लांबून. आणि मी झोपले.

दीड तास. दीड तासाने गुलाबी-केशरी उजेड हळूहळू वाढवला, सूर्योदयासारखा, आणि खांद्याशी कुजबुज, "मॅडम, ब्रेकफास्ट?" तो मीच सांगून ठेवला होता, रात्री फॉर्मवर सगळ्या चौकोनांत टिक केली होती ना. लँडिंगला अजून साडेतीन तास होते. नको म्हणता आलं असतं की. पण वसूल करायचं भूत एवढं मानगुटीवर की उठले, फळं, अंडी, दही, क्रॉसाँ सगळं खाल्लं, एकाही घासाची आठवण नाही. नंतर परत झोप लागेना.

सूपवाल्या बाई लँडिंगच्या चाळीस मिनिटं आधी आपल्या आपण उठल्या. तोंड धुवून, केस विंचरून, कॉफी घेऊन बसल्या, अंदाजे बारा तासांची झोप झालेला माणूस जसा दिसतो तशा. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, काम फार होतं वाटतं तुम्हाला. टॉर्च वगैरे सगळं त्यांना कळलं होतं की काय देव जाणे. मग थोड्या बोलल्या, वर्षात आठ-दहा वेळा जातात, रात्रीची फ्लाइट असेल तर खाली जेवतात आणि वर काही मागत नाहीत, दिवसाची असेल तर इकॉनॉमीत बसतात. "दिवसा झोपायचं नसतंच, मग पलंग कशाला घ्यायचा?" एवढं साधं. मी पंधरा दिवस व्हिडिओ बघितले त्यात हे एकानेही सांगितलं नव्हतं, त्यात सगळे शॅम्पेनच ओतत होते.

आणि विचार केला तर तिकिटाची रक्कम आहे ती जागेची आहे. एका बेडच्या जागेत इकॉनॉमीच्या तीन-चार सीट बसतात, बाकी रुमाल, काजू, पाऊच हे त्यामानाने चिल्लर. कार्बनचा हिशोबही त्यावरच, ब्रिटिश सरकारच्या आकड्यांमध्ये लांब पल्ल्याच्या बिझनेसमधल्या माणसाच्या नावावर इकॉनॉमीतल्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट धूर लिहितात, कारण जागा तेवढी अडवली. हे मला उतरल्यावर कळलं, आणि पॉइंट्सवर गेलं तरी धूर पॉइंट्सचा नसतो. याचं मी काय करायचं ते ठरवलेलं नाही. पण तिप्पट धूर काढून दीड तास झोपणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही एवढं नक्की. युरोपातल्या छोट्या फ्लाइटच्या बिझनेसला तर हात जोडून नमस्कार, तिथे सीट तीच इकॉनॉमीची असते, फक्त मधली रिकामी ठेवतात. उलट सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर-न्यूयॉर्क फ्लाइट, अठरा तासांहून जास्त, त्या विमानात साधी इकॉनॉमी ठेवलेलीच नाही, ६७ सीट बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या, म्हणजे जरा ऐसपैस इकॉनॉमीच्या, म्हणजे एअरलाइनलाही कळलंय की माणसाला किती वेळ दुमडून ठेवता येतं.

परतीला नवऱ्याची पाळी. मी त्याला यादी पाठवली. पायजमा माग, ते आपणहून देत नाहीत. गरम काजू चुकवू नको. गोड दोन प्रकारचं असतं, दोन्ही घे. फोन फटीपासून लांब ठेव. त्याचं विमान वेगळं होतं, जुनं, दोन-दोन-दोन, आणि सीट पूर्ण सपाट न होणारी, जराशी उतरती, ज्यात माणूस रात्रभर हळूहळू पायाकडे घसरत राहतो. मला मनातून थोडंसं बरं वाटलं असं लिहिलं तर वाईट दिसेल. माझी सीट मधली. उजवीकडचा माणूस कोपर माझ्या हद्दीत ठेवून झोपला, डावीकडच्या मुलाने तीन सिनेमे फुल्ल ब्राइटनेसवर बघितले, आणि यावेळी विमान खच्चून भरलेलं, आडवं व्हायचा प्रश्नच नाही.

उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत भेटला. ताजातवाना. गालावर उशीची घडी उमटलेली.

"काय काय खाल्लंस?"

"काही नाही गं. बसल्या बसल्या झोपलो. उतरायच्या आधी उठवलं त्यांनी."

"काहीच नाही? काजू?"

"काजू होते का?"

"अरे, आइस्क्रीम तरी?"

"विचारलं असेल कोणीतरी, मी झोपेत नको म्हणालो असेन."

पाऊच त्याने माझ्या हातात ठेवला, चेनसुद्धा न उघडलेला. आत लिप बाम वेगळ्या वासाचा होता. घसरला नाहीस का रे म्हणून विचारलं तर म्हणाला घसरलो की, उठलो तेव्हा गुडघे पोटाशी होते, पण झोप मस्त झाली.

बॅगांच्या पट्ट्याजवळ गेलो. त्याच्या बॅगेला प्रायॉरिटीचा भला मोठा लाल टॅग, आधी येणार म्हणून तो अगदी पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. माझी बॅग चौथी आली. त्याच्यासाठी आम्ही चाळीस मिनिटं थांबलो.